भोंग्याचा आडवा लिलाव

लिलावघरात जुनी कपाटं, पलंग आणि मेलेल्यांची घड्याळं विकणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. शिडीवरून पडून त्याची मान मोडली, पाय गेले, बोटं निम्मी गेली. आवाजाला मात्र ओरखडाही आला नाही. चाकाच्या खुर्चीत बसून तो मंचावर परतला आणि पहिल्याच दिवशी एका भल्या गृहस्थाच्या गळ्यात डुगडुगतं टेबल मारलं.

दिवस असा झोकात जायचा. रात्री मूत्राशय सूड उगवायचं. दिवसभर हात आखडणारी मूत्रपिंडं अंथरुणाला पाठ टेकली की पूर आणायची. लघवी आलेली त्याला कळत नसे. नळी घालून काढावी लागे, आणि बोटं धड नसल्याने ते काम बायकोचं. ती गजर लावून रात्रभर उठायची आणि सकाळी शाळेची बस चालवायची.

"चोरून पाणी पिता तुम्ही," ती म्हणायची.

"अगं, दुपारपासून घसा कोरडा ठेवलाय."

"मग हे येतं कुठून?"

एका सकाळी सिग्नलला तिचा डोळा लागला. बसमध्ये मुलं होती. काही झालं नाही, पण पुन्हा झालं तर किल्ली ठेवून घरी जा, असं शाळेच्या साहेबांनी बजावलं. नोकरीचं राहू दे, ही बाई एक दिवस मुलांसकट कुठेतरी आदळेल, या विचाराने भोंगा मनापासून घाबरला.

दोघं दवाखान्यात गेली. सगळं ऐकून डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या, "चोर तुमचे यजमान नाहीत. रात्री मेंदूतून एक हार्मोन येतं, ते मूत्रपिंडांना सांगतं, आता दमानं घ्या. मान मोडली की पुष्कळदा ती लय बिघडते. शिवाय दिवसभर लोंबत्या पायांत पाणी उतरतं, आडवं झालं की वर येऊन लघवी होतं. गोळी आहे, पण आधी रोज दुपारी पाय उंच करून पडून बघा."

"दुपारी माझा लिलाव असतो."

"मग पडून करा," बायको म्हणाली.

भोंग्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उताणा पडून कोणी कपाट विकतं का? पण दुसऱ्या दिवशी विक्रीच्याच सोफ्यावर, पाय उशांच्या ढिगावर, माइक छातीवर ठेवून तो ओरडू लागला. बसची फेरी संपवून बायको यायची आणि पडद्याआड नळी घालायची.

"हा सोफा कितीला?" एकाने विचारलं.

"माणसासकट हवा असेल तर बायकोशी बोला."

गजर हळूहळू कमी होत गेले. मग एका पहाटे भोंग्याला आपोआप जाग आली. शेजारी ती तोंड उघडं टाकून झोपली होती. अपघातापासून त्याने तिला झोपलेलं पाहिलंच नव्हतं. तो बघत राहिला.

उजाडल्यावर ती दचकून उठली, गादी चाचपली, कोरडी लागली तशी त्याच्या छातीवर हात ठेवला.

"मेलात की काय?"

"नाही गं," भोंगा हळूच म्हणाला. "इतकी छान घोरत होतीस, हाक मारवेना."