बोडीचे पाचशे बारा हेक्टर

आमच्या घरात कॉम्प्युटरला कोणी घाबरत नसे, कारण माझ्याशिवाय तो कोणी पाहिलाच नव्हता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पवनीकडच्या मासेमारांच्या घरातली मी भंडाऱ्याच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची, आणि बाबा तलावात जाळं टाकायचे.

त्या वर्षी जिल्ह्यातल्या तलावांची माहिती मीच भरली होती. ती फाइल फ्लॉपीवरून नागपूरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जायची आणि कुठल्या तलावाला किती मत्स्यबीज, ते तिच्यावरून ठरायचं. आदल्या साली आमची बोडी, म्हणजे गावामागचं लहानसं तळं, यादीतून सुटली होती. बाबांचं वर्ष फुकट गेलं. म्हणून या खेपेस मी फ्लॉपी घेऊन निघाले, तर बाबाही एसटीत येऊन बसले. माझ्यावर भरवसा नव्हता असं नाही, पण होता असंही म्हणवत नाही.

नागपूरच्या पडद्यावर तलावांची नावं बरोबर उमटली. आकडे मात्र भलतेच होते. आमची दोन हेक्टरची बोडी पाचशे बारा हेक्टर! आणि दोनशे छप्पन्न हेक्टरचा तलाव एका हेक्टरात मावला होता.

"राहू दे न वं तसंच," बाबा कानाशी पुटपुटले. "कोनाचं काय जाऊन राहिलं?"

"भरतानाच चुकलं असेल," तिथले साहेब म्हणाले. माझं डोकंच फिरलं. मी तिथेच ठाण मांडून बसले आणि एकेक आकडा ताडून पाहिला. आमचा कॉम्प्युटर आकड्याचे दोन तुकडे करून लहान तुकडा आधी ठेवायचा, त्यांचा मोठा आधी, म्हणून तिथे तुकड्यांची अदलाबदल होऊन आकडा वाचला जायचा. नावातली अक्षरं सुटी सुटी, म्हणून ती शाबूत राहिली.

परतीच्या एसटीत बाबांनी विचारलं, "मंग आता?"

"बाबा, तुम्ही माशांची बोटुकली, ती बोटाएवढी पिल्लं, आणता, ती हंडीतून एकदम तलावात ओतता का?"

"मरतीन न! आंधी तलावाचं पानी थोडं थोडं हंडीत घ्या लागते."

"तसंच करते. आकडे आधी साध्या अक्षरांत लिहिते. तिथला कॉम्प्युटर ते वाचेल आणि स्वतःच्या पद्धतीने मांडून घेईल."

बाबांनी मान खिडकीला टेकवून डोळे मिटले. त्यांना पटलं की कंटाळा आला, कळेना.

दुसरी फ्लॉपी नीट वाचली गेली. दोनाचे दोनच हेक्टर राहिले आणि पावसाळ्यात आमच्या बोडीचं बीज आलं. मला इतका आनंद झाला की रजा टाकून मी काठावर हजर. बाबांनी हंडी पाण्यात टेकवली आणि ओंजळीने बोडीचं पाणी तिच्यात घालत बसले. माझा धीर सुटला.

"सोडा न बाबा आता!"

"कायले घाई करून राहिली?" बाबा मान वर न करता म्हणाले. "वाचू दे त्याईले."