माझा नसलेला धाकटा भाऊ

बारावीला आमच्या मोताळ्याच्या कॉलेजात गृहविज्ञान घेतलेल्या मुली मोजक्याच होतो. त्या वर्षी जिल्ह्याच्या कौशल्य स्पर्धा जाहीर झाल्या, तेव्हा मॅडमनी पौष्टिक न्याहारीच्या स्पर्धेसाठी मला आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला निवडलं. दोघींनी मिळून एक पदार्थ करायचा आणि परीक्षकांना त्याची माहिती सांगायची, असं स्वरूप होतं.

पदार्थ तिचा होता. शेवग्याचा पाला, ज्वारीचं आणि सोयाबीनचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, यांचे वाफवलेले मुटके. तिचा धाकटा भाऊ लहानपणी अंगणवाडीत वजनात कमी भरला होता. पाल्याला तो तोंड लावत नव्हता. रोज दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाणाऱ्या तिच्या आईने मग बोराएवढे मुटके वळून त्याच्या हातात खेळायला दिले. खेळता खेळता तो खाऊ लागला, आणि काही महिन्यांत त्याचं वजन वाढलं. सराव करताना तिने मला हे सगळं सांगितलं होतं.

मॅडमनी कामं वाटून दिली. "ती करेल, तू बोल. तुझं बोलणं स्वच्छ आहे." माझे वडील तहसीलमध्ये कारकून आणि आई शिक्षिका. घरात चुकून 'मला'ऐवजी 'मले' निघालं तरी आई लगेच दुरुस्त करायची. मैत्रीण म्हणाली, "तूच बोल. मी बोलली तं हासतीन ते." ते ऐकून मला बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

बुलढाण्याला स्पर्धेच्या दिवशी मुटके झाले, ताट मांडलं आणि ती भांडी घासायला बाहेरच्या नळावर गेली. तेवढ्यात परीक्षक आल्या. मी पाठ केलेलं सगळं नीट सांगितलं. एका बाईंनी मुटका खाल्ला, दुसरा उचलला आणि विचारलं, "ही कल्पना कोणाची?"

"माझ्या आईची," मी म्हणाले.

का म्हणाले, ते आजही मला नीट सांगता येत नाही. त्या कौतुकाने पाहत होत्या आणि मला ते थांबायला नको होतं. त्यांनी पुढे विचारलं, "आईला कसं सुचलं?" मग मी धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. अंगणवाडी, वजन, हातातले मुटके, सगळं. मला भाऊच नाही. गोष्ट संपवून वळले तर मैत्रीण धुतलेली भांडी छातीशी धरून दारात उभी होती.

आम्ही पहिल्या आलो. परतताना राजूर घाट उतरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मी एकदाच "ऐक ना" म्हणाले, तर ती म्हणाली, "राहू दे."

तिसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. त्यात माझा फोटो होता आणि आईच्या युक्तीने भावाची तब्येत कशी सुधारली, ते छापलं होतं. आईने ते दोनदा वाचलं. "हा भाऊ कुठून आणलास?" मी रडत सगळं सांगितलं. पेपराची घडी घालत ती म्हणाली, "झालं ते झालं. आता कुठे बोलू नकोस."

तरी रविवारी मी मैत्रिणीच्या गावी गेले. बुद्धविहाराच्या मागे त्यांचं घर. तिच्या आईने मला खाटेवर बसवलं, चहा दिला. मी माफी मागितली. त्या बाईंचा आवाज चढला नाही.

"मुटके कोनीबी करावं, बाई. त्याचं मले काही नाही. पन ते पोरगं माहं व्हतं ना? त्याच्यासाठी मी किती रडली, तुले काय मालूम. तू त्याले तुह्या घरचं काऊन केलं?"

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "तिथे काही घेतलंस का?" मी म्हणाले, चहा घेतला. तिने तो प्रश्न विचारला, हेच मला त्या दिवशी पहिल्यांदा खुपलं.

सोमवारी मी मॅडमना खरं सांगितलं. आधी त्या म्हणाल्या, "स्पर्धेत असं थोडंफार चालतं." मी हटले नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडून आयोजकांना पत्र लिहून घेतलं. बक्षीस कायम राहिलं. अमरावतीच्या विभागीय फेरीला हीच जोडी लागेल, असं उत्तर आलं. मी मैत्रिणीला म्हणाले, "तिथे तू बोल. मी भांडी घासते."

"आता मी माह्या भावाचं सांगतलं," ती म्हणाली, "तं पेपर वाचलेले लोक म्हनतीन का हिनं तुहं चोरलं. मी नाही येत."

मी पुष्कळ विनवलं. ती आली नाही आणि आमच्या कॉलेजातून कोणीच गेलं नाही. त्या फेरीत तिला पुढे काही मिळालं असतं की नाही, कोण जाणे. पण तिथे उभं राहून बोलण्याची संधी तिची होती, आणि चूक कबूल करूनही मी ती तिला परत देऊ शकले नाही. प्रात्यक्षिकाला ती पलीकडच्या टेबलापाशी जाऊन उभी राहू लागली.

पुढे ती अकोल्याला नर्सिंगला गेली. वाढदिवसाला आम्ही एकमेकींना मेसेज करतो, तब्येतीची चौकशी करतो, त्यापलीकडे जात नाही. तिच्या आईला मी पुन्हा भेटले नाही. त्यांच्या गावाच्या फाट्यावरून एसटीने दोनदा गेले, दोन्ही वेळा उतरावंसं वाटलं, पण उतरले नाही.