मन्मथ सरांची नखं

जुन्या गिटार क्लासातले आम्ही दोघं भेटलो की किस्से निघतातच. एक संपत नाही तोवर दुसरा आठवतो. पूर्वी पोट धरून हसायचो, आता हसणं मधेच थांबतं.

क्लास लातूरला, मन्मथ सरांच्या माडीवर. विद्यार्थी दोनच, मी आणि शब्बीर टेलर. सहा महिने सरांनी चार कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या चार जुड्यांच्या, पुढं जाऊ दिलं नाही. मग एक दिवस म्हणाले, "चाल बाहेरून आणायची न्हाई, ती कॉर्डमधीच हाय. अंगठा जाड तारांवर चालू ठेवा, बाकीच्या बोटांनी बारीक तारांवर चाल काढा."

शब्बीरनं पंधरा दिवस शोधली. शेवटी म्हणाला, "सर, माझ्या कॉर्डमधी कुणीच राहत न्हाई!"

*

तारा छेडायला सरांनी उजव्या हाताची नखं वाढवली होती. डाव्या हाताची मात्र बारीक कापलेली. उदगीरहून सासरे आले, ते हात बघून काळजीत पडले. मुलीला, म्हणजे आमच्या वहिनींना, आत नेऊन विचारलं, जावयानं कसला नवस बोललाय?

वहिनी म्हणाल्या, "नवस त्यांचा, उपवास माझा."

*

त्या साली पाऊस झाला नाही. घरामागच्या आडाचं पाणी पार तळाला गेलं. दोर ओढला की नखं तुटतात, म्हणून सर ओढायचे नाहीत. त्यांचं बघून आम्हीही नखं वाढवलेली! तीन धडधाकट गडी माडीवर गिटार घेऊन बसायचो आणि खाली वहिनी एकट्या पाणी शेंदायच्या.

एकदा सर वाजवायचं थांबले. खालून रहाटाची कुरकुर येत होती. म्हणाले, "बघा, कसा लयीत चालायलाय."

आम्ही दोघांनी माना डोलावल्या. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

*

लातूर जिल्हा झाला. त्या आनंदात गावात दुपारचा एक कार्यक्रम ठरला. सरांनी संयोजकांकडे चार चकरा मारल्या. गिटार म्हणजे गाण्यामागची झणझण, ती एकटी काय वाजणार, असं संयोजकांचं म्हणणं. शेवटी पाच मिनिटं मिळाली, तीही पाहुणे येईपर्यंतची. आयुष्यात एकदा लोकांनी नुसती गिटार नीट ऐकावी, एवढीच सरांची हौस होती.

चाल त्यांनी घरातलीच निवडली. लग्न होऊन आल्यावर वहिनी जात्यावर एक ओवी म्हणायच्या, ती. चार कॉर्डांत ती अशी बसली की शब्बीरचे डोळे भरून आले.

*

कार्यक्रमात सरांनी ती वाजवली आणि मंडप गप्प झाला. पाहुणे आले तरी कुणी उठलं नाही. संयोजक स्वतः हात मिळवायला आले. सरांच्या पाच मिनिटांचं सोनं झालं!

आम्ही तिघं उड्या मारतच घरी आलो. वहिनी आडावरच होत्या. घरात पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून त्यांना येता आलं नव्हतं. सर आडाशेजारी पायरीवर बसले आणि त्यांच्यासाठी सगळी चाल पुन्हा वाजवली. मग विचारलं, "वळखलीस का? तुझी ओवी हाय."

वहिनींनी हातातला दोर सोडला नाही.

"वळखली की," त्या म्हणाल्या. "मी कवाच सोडली ती म्हणायची. पाणी शेंदून दम उरत न्हाई."