आधी जुनं संपवा

बाहेर जगात कुठलंही साल चालू असो, गोदूबाईच्या स्वयंपाकघरात त्याच्या तीन सालं मागचं साल चालू असायचं. मिठाच्या सत्याग्रहाचा गलबला झाला त्या वर्षी वाडीतली शेंबडी पोरंसुद्धा घोषणा देत फिरत होती. गोदूबाईच्या पानात मात्र सत्याग्रहाच्या कितीतरी आधी झाडावरून उतरलेला आंबा होता. सत्याग्रहाबद्दल तिने एकच प्रश्न विचारला, "त्यांनी केलेलं मीठ आंब्याला चालंल काय गो? का नुसतं सरकारला दाखवायला हाय?"

घर वाडीच्या वरच्या टोकाला, कातळ संपून माती सुरू होते तिथं. नवरा धाकू गलबतावर खलाशी. आठ महिने समुद्रावर, आणि पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढून शाकारलं की चार महिने घरात, पायात येणाऱ्या मांजरासारखा. मुलगा बाबल्या मुंबईला गिरणीत. तो शिमग्याला आणि गणपतीला उगवायचा. मग बैल, म्हैस, भाताची खाचरं, आंबे, फणस, रातांबे हे सगळं कोण बघणार? गोदूबाई. आणि ती बघायची, हे कबूल केलंच पाहिजे. होळी विझली की तिची आगोट सुरू. पावसाळ्याची बेगमी सगळेच करतात. गोदूबाईची बेगमी बघून वाटायचं, औंदाचा पाऊस थांबणारच नाही असं ह्या बाईला कुणीतरी खाजगीत येऊन सांगून गेलंय.

गोठा उरकला की ती खळ्यात. कोकमासाठी रातांबे फोडायचे, त्यांची सालं त्यांच्याच रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची. फणसाचा रस सुपावर थापायचा. कुळीथ राखेत घोळवायचे. कावळ्यांवर डोळा, कोंबड्यांना शिव्या आणि सुनेला हुकूम, हे तिन्ही एकाच दमात. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे खारातला आंबा. आत नुकता बाठा, म्हणजे कोय, धरलेला हिरवा आंबा, जमिनीला न लागता झेल्याच्या जाळीत उतरवलेला. तो धुऊन, पुसून मिठाच्या पाण्यात बुडवायचा. वर मांडवीच्या किनाऱ्यावरून आणलेला गुळगुळीत धोंडा, बरणीच्या तोंडावर फडक्याचा दादरा, आणि दादऱ्याभोवती काथ्याची दोरी. त्या दोरीला धाकूने शिकवलेली खलाशी गाठ. ती गाठ गोदूबाईने बांधायची आणि गोदूबाईनेच सोडायची. बरणी एकदा माळ्यावर गेली की गेली.

कारण घराचा नेम होता : आधी जुनं संपवा.

आता ह्यात वावगं काही नाही. कुठल्याही शहाण्या घरात हाच नेम असतो. पण शहाण्या घरात जुनं कधीतरी संपतं. गोदूबाई लागेल त्यापेक्षा दीडपट घालायची, त्यामुळे दरसाल थोडं मागे उरायचं, आणि ते उरलेलं पुढच्या सालाच्या डोक्यावर बसायचं. असं करत करत घर वर्षावर वर्ष मागं पडत गेलं. झाडाखाली ताज्या कैऱ्यांचा खच पडलेला असताना पानात यायचा तो काळाठिक्कर, सुरकुतलेला गोळा. त्यातला आंबटपणा केव्हाच पाण्यात गेलेला आणि पाण्यातलं मीठ त्याच्यात आलेलं. भाताचं तेच, कुळथाचं तेच. किडे आधी निवडायचे, कुळीथ मागाहून. पाहुणा जेवून उठला की पायरीवर बसून आधी तांब्याभर पाणी प्यायचा.

"नवा कशासाठी ठेवलाय गो?" कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "वेळप्रसंगाला." एका साली मोहोर गळून सगळ्या वाडीच्या बरण्या कोरड्या राहिल्या होत्या, तेव्हा गोदूबाईच्या घरात आंबट होतं. त्या एका सालाच्या जोरावर तिने पुढची सगळी सालं जिंकली.

धाकू ओटीवर बिडी ओढत म्हणायचा, "ह्या घरात सगळ्यात जुना मीच. मला कवा संपवतेस त्येवढं सांग, म्हंजे तयारीत ऱ्हाताव."

"तुमी नासलेले. नासलेलं म्हशीला घालतात," गोदूबाई आतून.

ह्या घरात मालन सून म्हणून आली. बाबल्याची बायको. माहेर मांडवीचं, समुद्राकाठचं. तिकडं सकाळी जाळ्यात आलेला मासा दुपारी पोटात जायचा, आणि रात्री पुन्हा समुद्र होताच. साठवायची अक्कल त्या घराला नव्हती, असं गोदूबाईचं मत. खायची अक्कल ह्या घराला नाही, असं मालनचं. पण सुनेचं मत कोण विचारतो? तिने तीन पावसाळे मुकाट्याने काळे गोळे चोखले.

चौथ्या वर्षी शिमग्याला बाबल्या येऊन गेला आणि मालनला दिवस गेले. आषाढ लागला तरी तिच्या पोटात अन्न ठरेना. पेज घ्यायची आणि परसात पळायची. हाडं वर आली, डोळे आत गेले. वाडीची सुईण तुळसा, तिने पोरीचं पोट चाचपलं, पापणी ओढून बघितली आणि माजघरात फतकल मारून बसली.

"गोदू, पोरगी सुकली. अशी ऱ्हायली तर पोटातल्याला काय मिळनार? ती काय मागते ती दे."

"काय मागते?"

मालन भिंतीला टेकून होती. ती म्हणाली, "औंदाचा आंबा. खारातला."

मालनने सासूचं मंगळसूत्र मागितलं असतं तरी घर एवढं हादरलं नसतं.

"आंबाच ना?" गोदूबाई सावरून म्हणाली. "हाय की. खालच्या बरणीत हाय."

"त्यो नको आत्याबाय. नुसतं मीठ लागतं. पोटात गेला की उलटा येतो."

"बाबल्याच्या वक्ताला मी पन ह्योच खाल्लाय."

"म्हनून त्यो तसा झालाय," ओटीवरून धाकू.

"तुमी बिडी वडा!" गोदूबाई कडाडली, आणि मग सुनेकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाली, "मी नाय म्हनतंय काय? नेम म्हंजे नेम. आधी जुनं संपव, मग नवा काढू."

मालनने मान वर केली. "संपल्यावर काढाल?"

"काढीन."

"तुळसाकाकीच्या देखत सांगताय?"

"तिच्या देखत, देवाच्या देखत." गोदूबाईला बोलायला काय जात होतं? माळ्यावर तीन सालांच्या बरण्या एकीला एक लागून उभ्या होत्या. त्या संपेपर्यंत मालनच्या मुलाचं लग्न झालं असतं.

त्या दिवशी गोदूबाई म्हशीकडे गेली तेव्हा धाकू आत डोकावला. "पोरी, ती गाठ माजी हाय. मी सोडताव, दोन आंबे काडताव, परत तशीच बांदताव. तिच्या बापाला कळायचं नाय."

मालन म्हणाली, "नको मामा. चोरून खाल्लेलं पोटात ऱ्हायचं नाय. आनी त्यांनी कबूल केलंय. मी संपवीन."

"येवढं? तू? एक गोळा तर ठरत नाय तुज्या पोटात."

"मी कशाला खाऊ?" मालन म्हणाली.

लावणी सुरू झाली. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज तुमच्या खाचरात सगळी वाडी वाकायची, उद्या माझ्या. मजुरी नाही; ज्याचं शेत त्याने न्याहारी आणि जेवण द्यायचं. आणि सावडीच्या माणसाने पानात काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तुमची रोपं उपटून पडलेली, आणि वाकायला तुम्ही एकटे.

मालनला चिखलात वाकवेना म्हणून तिच्याकडे न्याहारी आली. आदल्या संध्याकाळी ती शेजारच्या चिमाकडे गेली. चिमा म्हणजे वाडीचं तोंड.

"चिमावैनी, उद्या आमच्याकडे आत्याबायच्या आंब्याला चांगलं म्हन. आनी परत माग."

"त्यो काळा गोळा?" चिमाने छातीवर हात मारला. "अगो, मागल्या साली माजी दाढ हललेली त्याच्यानं! सावडीला येताना मी पदरात चटनी बांदून आनते, ठाव हाय?"

मालनने आपली मनगटं तिच्यापुढे वर केली. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. चिमाने बघितलं आणि तोंड फिरवलं. "बरं जा. सांगते सगळ्यांना. पन तुज्या पोराचं बारसं फुकट नाय जेवनार मी, त्येवढा आंबा खाल्लाय म्हनून सांगेन जल्मभर."

दुसऱ्या दिवशी पाऊस धो धो. बायका पानांची इरली डोक्यापासून पाठीवर घेऊन बांधावर ओळीने बसल्या. मालनने भाकरी दिली, भाकरीवर एकेक काळा आंबा. गोदूबाई कमरेवर हात ठेवून उभी, वाढप कमी तर होत नाही ना हे बघत. मनात मात्र जास्त होऊ नये हीच काळजी.

चिमाने आंबा तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं. कसाबसा घास आवरून ती म्हणाली, "गोदूकाकी… असा आंबा… म्या उभ्या जल्मात खाल्ला नाय."

"खरं सांगतेस?"

"देवाशप्पत." आणि शपथ अगदी खरी होती. "आनखी हाय काय?"

गोदूबाईच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते तिच्या लग्नातसुद्धा कुणी बघितलं नसेल. इतक्या वर्षांत तिच्या आंब्याला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. "हाय तर! वाढ गो मालन, बघत काय ऱ्हायलीस?"

"मला पन," चिमाच्या शेजारी बसलेली मैना म्हणाली. मग तिच्या पलीकडची. मग बांधाच्या त्या टोकापर्यंत हात पुढे आले. गोदूबाई स्वतः घरी पळाली, बरणी घेऊन आली, भिजत, धापा टाकत. दुपारच्या जेवणाला दुसरी बरणी.

इरल्याचा एक गुण असा, की आतलं माणूस पाठीकडून दिसत नाही. गोदूबाईची पाठ वळली की इरल्याच्या आत गाल फुगायचे, मान खाली जायची, आणि चिखलात 'पुळुक' असा आवाज व्हायचा. मग रोपांची जुडी पुढे आणि त्यावर अंगठा. त्या साली गोदूबाईच्या खाचरात भाताबरोबर आणखीही बरंच काही लावलं गेलं. गोदूबाईला त्याचा पत्ता नव्हता. आपल्या पाळीच्या दरदिवशी ती आणखी बरण्या खाली उतरवत होती आणि रात्री धाकूला सांगत होती, "हावरी झाल्यात हो मानसं! चवच हाय तशी माज्या हाताला."

"लोकं मरतील," धाकू म्हणायचा. तिला वाटायचं, चवीने.

सगळ्यात जुनं साल संपलं, त्याच्या पुढचं संपलं, गेल्या सालचंही संपलं. हे शेवटचं मात्र कुणी थुंकलं नाही; ते अगदी आंब्यासारखं लागत होतं. लावणी आटोपली त्या दिवशी मालन तुळसाला हाताला धरून घेऊन आली.

"आत्याबाय, जुनं संपलं."

गोदूबाई हसली; कौतुकाच्या भरात रिकाम्या बरण्या परत माळ्यावर ठेवताना तिने मोजल्याच नव्हत्या. मग माळ्यावर चढली. एकेका बरणीत हात घातला, उपडी केली, बुडावर थापट्या मारल्या. तळातून नुसते धोंडे निघाले. खाली उतरली तेव्हा चेहरा असा की कुणी घर धुऊन नेलंय.

"एकसुद्दा नाय ऱ्हायला गो."

"कबूल केलंवस," तुळसा म्हणाली. "माज्या देखत."

औंदाची बरणी खाली आली. खलाशी गाठ सुटायला उशीर लागला; दोरी बोटांना नाही, बोटंच दोरीला धरून होती. दादरा निघाला आणि माजघरभर हिरवा, आंबट, जिभेखाली पाणी आणणारा वास पसरला. मालनने पेजेच्या वाडग्याबरोबर एक आंबा घेतला. बंदराच्या तोंडाशी आलेलं गलबत आत शिरतं का मागे फिरतं हे किनाऱ्यावरून बघावं, तसे गोदूबाई, तुळसा आणि धाकू तिच्या गळ्याकडे बघत बसले. वाडगा रिकामा झाला. थोडा वेळ गेला. मालन उठली नाही. बोटं चाटून म्हणाली, "आनखी थोडी पेज हाय?"

तुळसाने डोळे मिटून हात जोडले.

पाटावर अर्धा आंबा उरला होता. टाकायचं कसं, म्हणून गोदूबाईने तो तोंडात घातला. ह्या घरात आल्यापासून आपल्या हातचा त्याच सालचा आंबा तिने कधी खाल्ला नव्हता. 'कर्र' असा आवाज झाला. दुसऱ्याच कुणाच्या तोंडातून आला असावा, असं वाटून तिने मागे वळून बघितलं. मग बराच वेळ चावत राहिली.

"कसा हाय?" तुळसाने विचारलं.

"मुरला नाय अजून," गोदूबाई म्हणाली. आणि बाठा पांढरा होईपर्यंत चोखला.

बरणीला तिने परत दादरा बांधला, पण माळ्यावर चढवली नाही. धाकूने दोरीला बोट लावलं. नुसती सुरगाठ. "ही माजी गाठ नाय."

"तुमच्या गाठीला सोडायला उशीर लागतो," ती म्हणाली.

मालनला मुलगा झाला. पुढच्या पावसाळ्यात धाकू खाचर नांगरायला गेला तर फाळ पावलागणिक कडकड वाजायला लागला. बैल बिचकले. मातीतून काळे बाठे वर येत होते, ओळीने, अगदी लावल्यासारखे. गोदूबाई बांधावरून खाली उतरली, एक उचलला, अंगठ्याने पुसला. आपल्या घरचा बाठा तिने ओळखला नसता तर नवल. शेजारच्या खाचरातून चिमा बघत होती. तिने हळूच इरलं डोक्यावर ओढून घेतलं.

"भात मात्र बरा आलाता हां गेल्या साली," धाकू म्हणाला आणि बैलांच्या आड गेला.

गोदूबाईने पदर पसरला. सगळे बाठे पदरात वेचले, घरी नेऊन धुतले, चुलीवरच्या शिंकाळ्यात वाळत टाकले. मालन तान्ह्याला घेऊन दारात उभी होती, सासू आता तोंड सोडेल म्हणून. सासू म्हणाली, "उद्या लाकडांना हात लावू नको. आधी हे जाळ."

त्या लावणीला सावडीच्या सगळ्या पानांवर औंदाचा आंबा पडला, हिरवा, करकरीत. बायका भाकरी विसरून आंबे खात होत्या. चिमाने दुसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा गोदूबाईने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, मायेने.

"तू नको घेऊ गो हा. तुला जुनाच आवडतो, मला म्हाईत हाय. तुज्यासाठी एक मडकं बाजूला काढलंय, तीन सालांनी देईन."

आणि दिलंच. तीन सालांनी, समोर उभी राहून, चिमाने बाठा चोखून हातावर काढून दाखवीपर्यंत.