पाच मिनिटांचं औषध

अपेंडिक्स निघालं, टाके पडले, तरी मुलगी श्वास घेईना. मी रबरी पिशवी दाबत होते. दाबली की तिची छाती वर येई, सोडली की खाली. तिचं स्वतःचं काहीच नाही. पापणीसुद्धा हलत नव्हती.

सत्तरच्या दशकातली सांगलीची गोष्ट. मी भूल देणारी डॉक्टर. पेशंट इस्लामपूरकडची, एकोणीस वर्षांची सुमन. घशात नळी घालताना स्नायू सैल पडावेत म्हणून स्कोलीन नावाचं इंजेक्शन देतात. त्याने श्वासही थांबतो, पण अंमल जेमतेम पाच मिनिटं. इथे पाऊण तास होऊन गेला होता.

"डोस किती दिलात?" सर्जन खेकसले.

"नेहमीचाच."

"मग उताऱ्याचं इंजेक्शन द्या आणि मोकळे व्हा."

स्कोलीनचा अंमल त्या उताऱ्याने उलट लांबतो. पण हे स्कोलीनच, की मेंदूला काही झालंय? मला ठरवता येईना.

सकाळी मी तिच्या आईला विचारलं होतं, "घरात कुणाला भुलीचा त्रास?" शेजारी कोरेगावचे होणारे व्याही बसले होते. त्यांच्याकडे बघून बाई म्हणाल्या होत्या, "न्हाई. आमच्यात तसलं काय बी न्हाई." ते बघणं मला आत्ता आठवलं. सिस्टरला म्हटलं, "आईला एकटीला आत आणा."

लेकीला बघून बाई मटकन खालीच बसल्या. "आवं बाई, माझ्या थोरल्या लेकाचं बी असंच झालं व्हतं. पल्टनीत, आपरेशनच्या वक्ताला. चार तास निपचित, मग आपसूक उठला. सोयरीक मोडंल म्हनून बोलले न्हाई वो."

मला भयंकर राग आला आणि हायसंही वाटलं. "तुमचं लग्न नात्यात?"

"व्हय. आत्याच्याच घरात दिलं मला."

मग उलगडा झाला. स्कोलीन मोडून टाकणारा एक पदार्थ रक्तात असतो. तो बनवणारा जीन तिसऱ्या गुणसूत्रावर असतो, हे पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं. आई आणि बाप, दोघांकडून बिघडलेला जीन आला की औषध तासन्‌तास उतरत नाही. नात्यातल्या लग्नात तसं होण्याचा संभव जास्त.

"सर, उतारा नको. थांबायचं."

"आणि नाही उठली तर?"

"तर माझ्या नावावर."

सिस्टर आणि मी आळीपाळीने पिशवी दाबत राहिलो. तीन तास होत आले तेव्हा पिशवीला पलीकडून तिच्या स्वतःच्या श्वासाचा हलकासा ओढा लागला. मग दुसरा. मी स्टुलावर बसून रडले. सर्जन हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली: हिला आणि हिच्या भावंडांना स्कोलीन देऊ नये. आई म्हणाली, "चिठ्ठी नगं बाई, कुनाच्या हाताला लागंल."

सुमनने हात पुढे केला. "द्या हिकडं. मला समदं ऐकू येत व्हतं. डोळं उघडत न्हवतं. आई काय म्हनली त्ये बी ऐकलं. कोरेगावच्यास्नी मीच सांगते."

तिने सांगितलं. व्याह्यांनी मला एवढंच विचारलं, "दुसरं औषध मिळतंय न्हवं?" मिळतं म्हटल्यावर सोयरीक टिकली.

स्कोलीनने स्नायू लुळे पडतात, शुद्ध जात नाही; ती गॅसने जाते, आणि टाके पडल्यावर तो भुलीचा गॅस मी बंद केला होता. ती जागी असेल, तो परत चालू करावा, हे तीन तासांत मला एकदाही सुचलं नाही. आईवर मी मनातून चिडले होते. ही चूक मात्र कुणी लपवलेली नव्हती, माझ्याच हातातली होती.