सगळ्यात सपाट वाट

तलावाकाठची सगळ्यात सपाट वाट मी शोधून काढली, आणि ती तलावाच्या तळाशी होती.

हे कबूल करायला मला दोन महिने लागले. तोवर मी सगळ्यांना यंदा पाऊस फार झाला असंच सांगत होतो.

झालं असं की बायकोच्या उजव्या गुडघ्यातली गादी पार झिजली होती. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि जानेवारीत गुडघा बदलायचं ठरलं. ती शांतपणे म्हणाली, "चालेल. पण त्याआधी मला एकदा ह्याच गुडघ्यावर रानात चालायचंय. पाठीला बॅग लावून, तंबूत राहून." कॉलेजात असताना ती आम्हा सगळ्या मुलांच्या पुढे डोंगर चढायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि पुढची दोन वर्षं तसंच पाहत होतो. मग संसार, मुलगी, माझ्या आईचं आजारपण. बॅग माळ्यावर गेली ती गेलीच.

"सपाटीवर चाला," डॉक्टर म्हणाले. "चढउतार नको." आणि माझ्याकडे वळून, "वाट नीट बघून ठरवा."

मला हे सांगायची काय गरज, असं मला वाटलं. मानपाड्याच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं ड्रॉइंगं काढली आहेत. कागदावरची रेघ मला कधी फसवत नाही, अशी माझी समजूत होती.

शहापूरच्या पलीकडे, रानात धरणाचा एक छोटा तलाव आहे. पूर्ण फेरी अकरा किलोमीटर. धडधाकट माणूस सकाळी निघून दुपारी जेवायला परत येईल, आम्ही दोन दिवस धरले. मोबाईलवर उपग्रहाचा फोटो उघडला. तलावाच्या मागच्या अंगाला, पाणी आणि झाडं यांच्यामध्ये मातकट रंगाचा रुंद पट्टा, आणि त्यातून जाणारी स्वच्छ पांढरी पायवाट. एक चढ नाही! मी त्याची प्रिंट काढली, ती वाट लाल शाईने गिरवली आणि कागद लॅमिनेट करून घेतला.

वजन कळावं म्हणून दोन्ही बॅगा रद्दीवाल्याच्या काट्यावर नेल्या. तिची पाच किलो, माझी तेरा. रद्दीवाल्याने माझी बॅग बाहेरून चाचपली आणि विचारलं, "काका, आत पितळ आहे का?" होतं. चहात आलं कुटून घालायला छोटा खलबत्ता घेतला होता.

दिवाळी संपल्यावर आम्ही निघालो. आसनगावहून टमटमने धरणाच्या भिंतीपाशी उतरलो. तिथे एक हातपंप आहे. तिने त्याच्या दांड्याला हात लावला आणि म्हणाली, "इथून सुरू. उद्या पलीकडून येऊन इथेच हात लावायचा."

पहिला दिवस बैलगाडीच्या रस्त्याने, सावकाश, मजेत गेला. संध्याकाळी मागच्या अंगाच्या पाड्यावर एका घराच्या खळ्यात तंबू ठोकला. घरातल्या आजींनी विचारलं, "उद्या कंच्या वाटेनं?"

"काठाकाठाने," मी म्हणालो.

"काठानं वाट नाय. वरनं जावा, टेकाडावरनं."

मी खिशातून लॅमिनेट केलेला कागद काढून त्यांना लाल रेघ दाखवली. आजींनी तो कंदिलाजवळ धरून उलटसुलट पाहिला आणि अदबीने परत दिला. "असंल बा. कागदात असंल."

सकाळी अर्धा तास चाललो आणि वाट मिळाली. पांढरी, स्वच्छ, अगदी फोटोतल्यासारखी. ती सरळ चालत गेली आणि पाण्यात उतरली, आंघोळीला निघाल्यासारखी. पुढे पाण्यातून झाडांचे शेंडे वर आले होते. पार पलीकडे, फर्लांगभर अंतरावर, तीच वाट निथळत बाहेर पडताना दिसत होती.

बायको पाण्याकडे बघत राहिली. "फोटो कधीचा होता?"

मी कागद पाहिला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती. "मे," मी म्हणालो.

चारचौघांत ती मला अहो म्हणते. रागावली की अरेवर येते. "अरे, सपाट असणारच ना! तो तळ आहे तलावाचा!"

आल्या वाटेने परत फिरू म्हणालो. रस्ता सपाट आहे, डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. ती दगडावर बसली. गुडघ्यावरून हात फिरवत होती, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

"परत गेलं तर नुसतं जाऊन आल्यासारखं होईल," ती म्हणाली. "मला फेरी करायची होती रे. जानेवारीनंतर जे चालेल ते चांगलंच चालेल. पण तो हा गुडघा नसेल."

मी तिची बॅग छातीशी लावली, माझी पाठीला होतीच, आणि आम्ही टेकाडाकडे वळलो.

चढ तिने काठी टेकत, दर वीस पावलांवर बसत पार केला. खरी भीती उताराची होती. सुटी खडी आणि गुडघ्यावर सगळा भार. तिने काठी माझ्या पाठीवरच्या बॅगेत खोचली आणि उताराकडे पाठ केली. "उलटं उतरलं की कमी दुखतं. जिन्यावर तशीच उतरते मी, तू पेपर वाचत असतोस."

तिने दोन्ही हात पुढे केले. मी ते धरले. ती मागे मागे उतरत होती, तोंड माझ्याकडे; मी तिच्या खांद्यावरून खाली बघत पावलं सांगत होतो.

"डावा. थोडा उजवीकडे. तिथे दगड आहे, तो नको."

"म्हणजे आता ह्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा? ज्यांना आख्खा तलाव दिसला नाही?"

"ठेव. उजवा. सावकाश."

तिने ठेवला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. उतार जेमतेम दोनशे पावलांचा असेल, आम्हाला तास लागला. लग्नात मी तिचा हात धरला होता तो भटजींनी सांगितलं म्हणून, आणि तोही त्यांनी लगेच सोडायला लावला होता. इथे कोणी सोडा म्हणत नव्हतं. घामाने चष्मा घसरत होता आणि तो सावरायला मला हात मोकळा नव्हता. अधूनमधून तीच मान पुढे करून डोक्याने तो वर ढकलायची.

दुपार कलताना हातपंप दिसला. शेवटची पन्नास पावलं ती माझ्यापुढे चालली, लंगडत, पण पुढे. दांड्याला हात लावला, पाणी उपसलं, ओंजळ भरून प्यायली आणि उरलेलं गुडघ्यावर ओतलं.

जानेवारीत ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी व्यायामाची बाई वॉकर घेऊन आली आणि तिने बायकोला उभं केलं. मला म्हणाली, "काका, तुम्ही समोर उभे राहा. पावलं सांगत त्यांना दारापर्यंत न्या."

मी पुढे झालो. बायकोने वॉकर घट्ट धरला.

"यांना आधी बाजूला करा. हे वाट दाखवायला लागले की पुढे पाणी असतं."