मोटर बघून येतो

एका जागी बसणं मला जमत नाही. वर्गातसुद्धा मी फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत चालत शिकवते. कोरेगावच्या कॉलेजातली पोरं म्हणतात, मॅडमच्या पायाला भिंगरी आहे. त्या रविवारी शिराळ्याजवळच्या आमच्या गावी मात्र मी सोप्यात बसून होते आणि येरझाऱ्या आबांच्या चालल्या होत्या.

आबा म्हणजे माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा "जगलो लय, आता सुया न्हाई टोचून घेणार" म्हणून हटून बसले होते. सांगलीच्या डॉक्टरांनी एक नवीन औषध सुचवलं आणि आबांना पटवायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली. जीवशास्त्र शिकवणारी मुलगी घरात असताना दुसरं कोण सांगणार?

मी त्यांच्याच भाषेत सुरुवात केली. "आबा, रक्तात टी पेशी असतात. पहाऱ्यावरचे संत्रीच समजा. शत्रू दिसला की संत्री लगेच गोळी घालतो का?"

"न्हाई. हुकूम लागतो."

"तसंच हाय. त्या पेशीच्या अंगावर बारीक रेणू असतात. एकानं शत्रूची ओळख पटते, दुसऱ्यानं हुकूम मिळतो. दोन्ही झालं तरच ती लढायला उठते. आणि एक रेणू थांबवणारा, ब्रेकच म्हणा. तुमची गाठ लबाड हाय, ती तो ब्रेक दाबून धरते. ह्या औषधानं ब्रेक झाकला जातो, मग गाठीला तो दाबता येत न्हाई."

"म्हंजी पोरं तयार हायत, फकस्त हात बांधल्यात?" किती दिवसांनी आबांचा चेहरा उजळला. "मग सोडा की हात!"

मी तिथंच थांबले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन पुढचंही सांगितलं होतं. ब्रेक सुटला की ह्याच पेशी कधी कधी आपल्याच अंगावर उलटतात, आतड्यांवरसुद्धा. म्हणून जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन करायचा. फोनचं मी आबांना सांगितलं, का करायचा ते गिळून टाकलं. ते पुन्हा हटून बसतील याची मला भीती वाटली, आणि तो उजळलेला चेहरा मला हवा होता.

तर तो रविवार तिसऱ्या सुईनंतरचा. आबा दर अर्ध्या तासाला उठत, पाण्याची बाटली घेत आणि म्हणत, "मोटर बघून येतो." चौथ्यांदा निघाले तेव्हा माझं डोकं फिरलं.

"आई, त्या मोटरीत एवढं काय बघायचंय गं?"

आई ज्वारी पाखडत होती. तिनं मानही वर केली नाही. "मलाबी कळंना. ह्या आठवड्यात शेताला लाईट रातचीच हाय. दिवसा मोटर बंदच असतीया."

मी चप्पलही न घालता पळाले. बांधावर पोचले तर आबा उसातून बाहेर येत होते. बाटली रिकामी, तोंड राखेसारखं, एक हात लेंग्याच्या नाडीवर. घरात संडास असताना हा माणूस उसात जात होता, कोणी खेपा मोजू नयेत म्हणून.

"कवापासनं?"

"बुधवारपासनं."

"आवं आबा, फोन करायचा सांगितलं होतं न्हवं?" मी ओरडलेच. शेजारच्या रानातल्या बाया बघायला लागल्या.

"वरडू नगं. फोन केला की सुई बंद करत्यात. दवाखान्यात शेजारच्या पेशंटची केली तवा ऐकलंय म्या." मग त्यांनी मलाच समजावलं. "पोरं आत लढाया लागल्यात. लढाई म्हटलं की पोटात थोडी उलथापालथ व्हनारच."

सांगलीला पोचेपर्यंत मी गाडीत शंभर वेळा काच खाली-वर केली असेल. आबा दोनदा उतरले. डॉक्टरांनी भरती करून घेतलं, सलाईन लावली, त्या पेशींना आवरायला स्टिरॉईड सुरू केलं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर आतडं फुटलं असतं, म्हणाले. सुई बंद. पुन्हा देता येईल का, ते नंतर बघू.

चौथ्या दिवशी जुलाब थांबले. मी पलंगाभोवती फिरत होते तेव्हा आबा म्हणाले, "बस. आन् सांगायचं जे राहिलंय ते सांग."

मी बसले आणि सगळं सांगितलं. मुलांनी अर्धं उत्तर लिहिलं की मी तांबड्या पेनानं अख्खं उत्तर खोडते. त्या खुर्चीत मला माझी लाज वाटत होती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आपलेच दात न् आपलेच ओठ." मग माझ्याकडे वळले.

"हे आधी सांगितलं असतंस, तरीबी म्या सुई घेतली असती," ते म्हणाले. "पर उसात गेलो नसतो."